नाकोबांची थंड कॉफी

चादरीचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं भाऊजींच्या. धुण्याचं यंत्र पाणी पिळेनासं झालं होतं, म्हणून मोठे कपडे दोघांनी धरून पिळायचे असं आठवडाभर चाललेलं. मी मागच्या गॅलरीत उभी, ते स्वयंपाकघराच्या दारात, शेगडीपासून दोन हातांवर. निम्मी चादर पिळून झाली असेल नसेल, तोच मला करपल्याचा वास आला.

"भाऊजी, दूध!"

"दुधाचं काय?" ते म्हणाले. "सोडू नका, अजून एक पीळ बसतोय."

मी टोक टाकून धावले. पातेल्याच्या तळाचा कोळसा झाला होता. धूर त्यांच्या खांद्यावरून बाहेर चालला होता आणि हा मनुष्य ओली चादर पोटाशी धरून माझ्याकडे बघत उभा. मी शेगडी बंद केली. दूध कुणाच्याही घरी करपतं, पण भाऊजी घरात असताना आमच्याकडे कधी करपलं नव्हतं.

भाऊजी म्हणजे माझे दीर, यांचे धाकटे भाऊ. कॉफी भाजण्याच्या कारखान्यात ते तेहेतीस वर्षं चाखणारे आहेत. मळ्यांवरून बियांच्या खेपा येतात. प्रत्येक खेपेतला मूठभर नमुना भाजतात, दळतात, ओळीने मांडलेल्या वाट्यांत घालून वर उकळतं पाणी ओततात, आणि मग भाऊजी एकेका वाटीवर वाकतात. त्यांनी मान हलवली की पोती आत, नाक मुरडलं की पोती परत. कारखान्यात त्यांना सगळे नाकोबा म्हणतात. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर माझे सासरे होते, ते थोरले नाकोबा.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी नियम सांगितले. केसांना वासाचं तेल नाही, अंगाला वासाचा साबण नाही, आणि देवापुढे उदबत्ती नाही. "देवाचं मनावर घेऊ नकोस," त्या म्हणाल्या, "तो समजून घेतो. ही दोघं नाही घेणार." मी लहानपणापासून देवाधर्माची. उदबत्तीशिवाय प्रार्थना म्हणजे मिठाशिवाय जेवण, पण तसं जेवण मी बत्तीस वर्षं जेवले.

भाऊजींचं लग्न झालं नाही. एक मुलगी पाहून आले आणि म्हणाले, "मुलगी चांगली आहे हो, पण त्यांच्या भिंतींना ओल आहे." हे म्हणाले, "अरे, तुला भिंतीशी संसार करायचाय का?" सगळे हसले, पण स्थळ गेलं ते गेलं. पुढे हे आजारी पडले. डॉक्टर सुधारणा आहे म्हणत होते. एका सकाळी भाऊजी त्यांच्या उशाशी बसून बाहेर आले आणि मला हळूच म्हणाले, "वहिनी, दादाच्या अंगाचा वास बदललाय. मुलीला बोलावून घ्या." मी चिडले त्यांच्यावर. तरी लेकीला बोलावलं. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी हे गेले. अकरा वर्षं झाली त्याला. लेक तिच्या घरी सुखी आहे, आणि मी, मामंजी आणि भाऊजी असे तिघं या घरात. घर भाऊजींच्या नाकावर चालतं असं मी बायकांत थट्टेने म्हणायची.

आणि त्या नाकासमोर दूध करपलं होतं.

चादर अर्धी पिळलेली तशीच बादलीत पडली. भाऊजी स्टुलावर बसले.

"थंडीत ताप आला होता ना," ते म्हणाले, "तेव्हा गेला वास. मला वाटलं सर्दी आहे. सर्दी गेली, वास नाही आला."

"डॉक्टर?"

"डॉक्टर म्हणतात, येईल किंवा येणार नाही. हे सांगायला शिकावं लागतं वाटतं."

"आणि कारखान्यात?"

"कारखान्यात मी वाटीवर वाकतो, चमचा तोंडात ओढतो, थुंकतो, मान हलवतो. तेहेतीस वर्षांची सवय आहे, शरीर आपोआप करतं. पोत्याचा रंग बघतो, बिया दाताखाली फोडून बघतो, माल आणणाऱ्याचा चेहरा बघतो. आत्तापर्यंत निभावलं." मग आतल्या खोलीच्या दाराकडे बघून त्यांनी आवाज खाली घेतला. "नोकरी गेली तर जाईल. पण बाबांना कळता कामा नये, वहिनी. ती खुर्ची त्यांनी मला हात धरून दिलीय."

मामंजी आत पलंगावर होते. पाय गेलेले, दृष्टी अधू झालेली, पण नाक शाबूत. शेजारीण जिना चढायला लागली की मामंजी आतून सांगायचे, तिच्या पिशवीत आज काय आहे ते. त्यांचं आता एवढंच उरलं होतं, नाक आणि मुलाचं नाव.

दोन दिवसांनी भाऊजींनी कागदात गुंडाळून काचेचा एक उंच जार घरी आणला. कारखान्यात कुणी विक्रेता नमुना म्हणून ठेवून गेला होता. झाकणाला खाली लोंबणारी बारीक जाळीची नळी. नळीत कॉफी घालायची, जारात गार पाणी, आणि फ्रिजमध्ये ठेवून द्यायचं. ना शेगडी, ना वाफ.

"मला तुमची जीभ हवीय," ते म्हणाले.

त्यांचा बेत असा. बापासारखीच त्यांचीही रीत होती की निकाल लगेच द्यायचा नाही, दुसऱ्या दिवशी द्यायचा. लोक म्हणायचे, नाकोबा रात्रभर चव जिभेवर ठेवतात. तर संध्याकाळी त्यांनी नमुन्याची पुडी घरी आणायची, मी ती थंड पाण्यात भिजत घालायची, सकाळी चाखायची, आणि मला काय लागलं ते त्यांना सांगायचं. निकाल ते कारखान्यात जाऊन देणार.

"गरमच करते की मग, दोन मिनिटांत होईल."

"गरम केली तर बाबांना भिंतीपलीकडून कळेल. एकेक नमुना घरी कशाला येतोय ते विचारतील. थंड पाण्यात वास मरतो. फ्रिजचं दार लावलं की संपलं."

"पण मग चवही मरणार नाही का?"

"आंबटपणा मरतो थोडा. तुम्हाला किंचित लागला तर मी तिप्पट धरीन."

मी म्हटलं, हे खोटं आहे भाऊजी. ते म्हणाले, हो आहे. मी देवापुढे बसले आणि देवाला विचारलं, पण उत्तर मला आधीच ठाऊक होतं, म्हणून ऐकायला फार वेळ थांबले नाही.

पहिल्यांदा मी कॉफी मैद्यासारखी बारीक दळली. बारीक दळणं म्हणजे चांगलं दळणं, हे आईने शिकवलेलं. सकाळी जारात गढूळ पाणी आणि तळाशी बोटभर चिखल. भाऊजींनी उजेडात धरून बघितलं. "हे चाखायचं नाही, याच्यात रोप लावायचं." मग त्यांनी शिकवलं. दळण जाड मिठासारखं हवं. एक लिटर पाण्याला ऐंशी ग्रॅम. पाणी एकदम ओतायचं नाही, आधी पूड भिजेल एवढं, मग थांबायचं, मग नळीत हळूहळू बाकीचं, आणि लांब चमच्याने एकदा ढवळायचं. संध्याकाळी पाचला ठेवली तर सकाळी सातला काढायची. नळी वर उचलून नुसती निथळू द्यायची. मी पहिल्यांदा ती चादरीसारखी दाबायला गेले तर ओरडले, "पिळू नका! पिळलं की कडू उतरतं." शिवाय पाणी गाळून, उकळून, गार करून घ्यायचं, कारण नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो. तो वास मलाच सांगावा लागला त्यांना.

चाखण्याचीही रीत होती. चमचाभर कॉफी ओठांवर घेऊन जोरात आत ओढायची, सुर्र करून, म्हणजे ती टाळूभर उडते. आता बाईमाणसाने असा आवाज कसा काढायचा? मी मोरीत जाऊन नळ सोडायची आणि त्या आवाजाखाली सुरकायची. एकदा मामंजींनी आतून विचारलं, "सूनबाई, नळाला काय झालंय, घोरतो कशाने?" मी म्हटलं, हवा धरलीय मामंजी.

आणि मी वहीत लिहायला लागले. रोजची वही मी लग्नाआधीपासून लिहिते, काय रांधलं, कोण आलं, कशासाठी प्रार्थना केली. त्यातच आता नमुने. आठ नंबर, भाजलेल्या शेंगदाण्यासारखी. नऊ नंबर, कडवट, मागे लिंबाची साल. अकरा नंबर, भिजलेल्या गोणपाटासारखी, घशात राहते. अकरा नंबर भाऊजींनी परत पाठवली आणि संध्याकाळी आले ते शीळ घालत. "तुम्ही तर तयार चाखणाऱ्या निघालात, वहिनी! माल आणणारा म्हणाला, नाकोबा, तुमच्यापासून काही लपत नाही." मला बरं वाटलं. ते बरं वाटलेलं त्या दिवशीच्या पानावर लिहिलेलं आहे, आता वाचवत नाही.

असे पाच महिने गेले. मग चौदा नंबरची खेप आली.

मी सकाळी जार काढला, चमचा ओढला आणि चकित झाले. गोड. पिकून मऊ झालेल्या फळासारखी, मध घातल्यासारखी, कुठे कडवटपणा नाही. मी दुसरा चमचा घेतला, मग चक्क अर्धा पेला प्याले. वहीत लिहिलं, "चौदा नंबर. फार छान. आत्तापर्यंतची सगळ्यात गोड. मला आवडली."

"आंबट?" भाऊजींनी विचारलं.

"अजिबात नाही."

"कुठे काही टोचतं? कुजकं, व्हिनेगरसारखं?"

"नाही हो. मी तर पिऊन टाकली."

भाऊजींना हसू आलं. त्या दिवशी कारखान्यात त्यांनी चौदा नंबरचं इतकं कौतुक केलं की मालकीणबाईंनी ती खेप एकटीच, कशात न मिसळता, मोठ्या हॉटेलवाल्यांना पाठवली.

तीन आठवड्यांत पोती परत यायला लागली. गरम पाणी ओतलं की त्या कॉफीला सडक्या फळाची घाण सुटायची. लोकांनी घोटभर घेऊन कप परत केले होते. बिया झाडावरून काढल्यावर वाळवायला उशीर झाला होता, ढिगात पडून त्या आतून आंबल्या होत्या. गरम पाण्यात हे लेकरालाही कळलं असतं. गार पाण्यात त्या सडण्यातला फक्त गोडवा उतरला, आणि तो मला आवडला.

कारखान्यात मात्र असं कुणाच्या मनातही आलं नाही. नाकोबांनी पास केली होती, म्हणजे ती खेप आली तेव्हा चांगलीच असणार. मग बिघडली कुठे? गोदामात. गोदाम कुलूपकाकांकडे.

कुलूपकाका म्हणजे बावीस वर्षं गोदाम सांभाळणारे. कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा की मनुष्य दिसायच्या आधी ऐकू यायचा. कधी आमच्याकडे आले तर जाताना आमचंही दार दोनदा ओढून बघायचे. त्यांच्याकडून एकच गोष्ट झाली होती. फरशी धुतल्यावर वाळायला म्हणून त्यांनी एका दुपारी गोदामाची मागची खिडकी उघडी ठेवली होती. तेवढी पुरली. खिडकीतून दमट हवा आली, माल बिघडला, असं ठरलं. त्यांना घरी बसवलं.

शनिवारी सकाळी ते आमच्याकडे आले. किल्ल्या नव्हत्या, त्यामुळे दार वाजेपर्यंत कळलंच नाही. मी पाणी दिलं. ते बसले नाहीत.

"नाकोबा, तुझ्यापाशी आलोय. बावीस वर्षांत माझ्या गोदामात एक पोतं भिजलं असेल तर दाखव."

"माहीत आहे काका."

"माहीत आहे म्हणून भागत नाही बाबा! तिथे जाऊन म्हण. सोमवारी बोलावलंय मला. कागद तयार आहे म्हणे, चूक कबूल असल्याचा. सही कर आणि मोकळा हो म्हणतात. मोकळा होऊन करू काय, भिंती मोजू?" त्यांनी खिशातून पुडी काढली. "ह्या त्याच खेपेच्या बिया. मी काही नाकवाला नाही, पण ओलीचा वास आणि सडल्याचा वास यातला फरक गोदामवाल्याला कळतो. तू हुंग. हुंग आणि सांग."

भाऊजींनी पुडी हातात घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटले, मान थोडी तिरकी केली. सगळं अगदी पूर्वीसारखं. मी दाराशी उभी होते, माझ्या नाकात तो वास आपोआप शिरत होता. कच्च्या बियांतूनही येत होता. आंबलेला, उग्र.

"ओल आहे काका," भाऊजी म्हणाले. "थोडी ओल लागलीय."

काकांचं तोंड उघडं राहिलं. तेवढ्यात आतून मामंजींचा आवाज आला. "ती पुडी इकडे आणा."

कुलूपकाकांनीच धावत नेली. "थोरले, तुम्ही सांगा. तुमच्या शब्दापुढे कुणी जाणार नाही."

मामंजींनी पुडी छातीवर ठेवली. हुंगायला उचललीही नाही, गरज नव्हती. मग म्हणाले, "मुलगा काय म्हणाला?"

"ओल म्हणाला."

"मग ओलच असेल."

"थोरले!"

"वय झालं आता," मामंजी म्हणाले. "मला काही कळत नाही हल्ली."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून हे ऐकलं. कुलूपकाका दाराकडे वळले. मग म्हणाले, "दोन नाकं आहेत घरात, आणि माझ्या वेळेला दोन्ही बंद." पुडी तिथेच टाकून ते निघून गेले.

भाऊजी पलंगाच्या पायथ्याशी बसले. मला वाटलं मी बाहेर जावं, पण मामंजींनी हाताने थांबवलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"थंडीपासून. तुम्हाला कसं..."

"तू ताटाकडे आधी डोळ्यांनी बघायला लागलास. आपल्या घरात ताट आधी नाकाने बघतात." मग माझ्याकडे वळून, "आणि नळ घोरत नसतात, सूनबाई. कोऱ्या माणसांना मी तीस वर्षं सुरकायला शिकवलंय, मला कळत नाही? फ्रिज उघडला की गार कॉफीचा वासही इथवर येतो."

"मग बोलला का नाहीत बाबा?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होतो. मला एक शब्द विचारला असतास, तर या पलंगावर बसून गरम वाट्या मीच चाखल्या असत्या. ही खेप कारखान्याच्या दारातून आत नसती आली." त्यांनी पुडीवर बोट ठेवलं. "थंड पाण्यात कुणी निकाल लावतं का रे? हेच शिकवलं का तुला?"

भाऊजी लहान मुलासारखे रडले. मामंजी रडले नाहीत. ते म्हणाले, "आता जे झालं ते झालं. खुर्ची सोडू नकोस. यापुढे वाट्या माझ्याकडे आण."

"आणि काका?" मी विचारलं.

भाऊजी पुडीच्या घड्या घालत बसले.

इथे माझा दोष मला लिहायला हवा. मला त्याच वेळी बोलता आलं असतं. मी बोलले नाही. मामंजींच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला वाटलं, दोन दिवस जाऊ देत, सोमवार आहे की. शनिवारी मी प्रार्थना केली, रविवारी दुप्पट केली. काका सुटू देत, असं मागत राहिले. त्यांची सुटका माझ्याच कपाटात वहीच्या एका पानावर होती, आणि मी ती देवाकडे मागत होते.

सोमवारी भाऊजी दाढी करून तयार झाले आणि म्हणाले, "वहिनी, वही घ्या आणि चला."

मामंजींनी आतून ऐकलं असणार. त्यांनी अडवलं नाही.

या घरात येऊन बत्तीस वर्षं झाली, पण मी तो कारखाना आतून कधी पाहिला नव्हता. लांबलचक खोली, मधोमध गोल फिरणारं टेबल, टेबलाशी ती खुर्ची. मालकीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. भाऊजी उभ्यानेच बोलले, काही लपवलं नाही. त्यांनी खात्रीसाठी म्हणून एका वाटीत व्हिनेगर आणि एका वाटीत पाणी मागवलं, दोन्हींवर डोळे मिटून वाकले, आणि म्हणाले, "मला दोन्ही सारखी." मग मी वही उघडून चौदा नंबरचं पान पुढे केलं.

मालकीणबाईंनी वाचलं. "मला आवडली," त्या मोठ्याने म्हणाल्या. "म्हणजे पाच महिने आमचा माल तुमच्या वहिनींनी पास केला. आणि पगारपत्रकावर नाव तुमचं."

"चूक माझी आहे," भाऊजी म्हणाले. "गोदामाची नाही. काकांना परत घ्या."

"त्यांनी सही केली."

"सोमवारी करणार होते ना?"

"ते शनिवारी दुपारीच आले. म्हणाले, आता थांबून उपयोग नाही, माझ्या बाजूने बोलणारं कुणी नाही." त्यांनी चष्मा खाली घेतला. "आणि नीट ऐका. हॉटेलवाल्यांना आम्ही लिहून दिलंय की गोदामात चूक झाली, मनुष्य काढला, विषय संपला. आता चाखणाऱ्यालाच वास येत नव्हता असं म्हटलं, तर पाच महिन्यांचा सगळा माल परत येईल. ही खोली बंद होईल. इथे चाळीस माणसं आहेत."

"पण खरं..."

"तुम्ही आजच्या आज प्रकृतीमुळे निवृत्त झालात. आम्ही छान निरोप देऊ, हार घालू, जे काय देणं असेल ते सगळं देऊ. फक्त हे या खोलीबाहेर जाता कामा नये. गेलं, तर त्यातलं काही नाही." मग माझ्याकडे बघून, अगदी मऊ आवाजात, "काकू, वही इथेच ठेवा."

मी म्हटलं, "वही घरची आहे," आणि छातीशी धरली. कुणी ओढून घेतली नाही.

घरी आल्यावर मामंजींनी विचारलं, "खुर्ची?" भाऊजी म्हणाले, "गेली." "आणि तो?" "त्याने शनिवारीच सही केली बाबा. आपल्याकडून गेला तो सरळ सही करायला गेला." मामंजींनी डोळे मिटले. मी जेवण वाढून आणलं, ते म्हणाले, ठेव. अजून तसंच आहे.

भाऊजींनी हातपाय धुतले, दोन घास उभ्यानेच खाल्ले आणि पुन्हा चपला घातल्या. मी म्हटलं, "हार घालून निरोप देतायत ना तुम्हाला, मग आता कुठे?" बोलले आणि माझी मलाच लाज वाटली.

"ते पान द्या वहिनी."

मी चौदा नंबरचं पान मुळापासून फाडलं. त्याच्या मागच्या बाजूला त्या दिवशीची प्रार्थना होती, तीही गेली. त्यांनी पान चार घड्या करून खिशात ठेवलं.

"बाहेर गेलं तर त्या काही देणार नाहीत," मी म्हटलं.

"ऐकलं मी."

आत्ता साडेचार झालेत. भाऊजी कुलूपकाकांच्या घरी गेले आहेत, चौदा नंबरची खेप कुणी पास केली ते त्यांना सांगायला.